मरळीसाठी स्विमिंग वर्म : पावसाळ्यापासून वापरायलोय, सगळं सांगतो

आधीच सांगून टाकतो, ज्यांच्या तळ्यात शेवाळ आहे, कडेला बेशरम माजलीय, पाणकणीस आहे आणि त्या गचपणात मरळ बसलेली आहे त्यांनी हा वर्म, म्हणजे गळाला लावायचं मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ, डोळे झाकून घ्यावा. मोकळ्या खोल पाण्यात कटला-रोहूच्या मागं असाल तर मात्र घेऊ नका, तिथं आपली पेंडच बरी, कटला कशाला पळत्या गांडुळामागं लागतोय.

मी अंबाजोगाईकडचा. आमच्या गावाला लागून एक पाझर तलाव आहे, ७२ च्या दुष्काळात कामं निघाली होती तेव्हाचा, आमच्या आजीनं त्या बांधावर माती वाहिलेली. पावसाळा बरा झाला की भरतो, मेपर्यंत अर्ध्याच्या खाली येतो. पाण्यात जुन्या बाभळी तशाच उभ्या आहेत, कडेनं बेशरम, आणि उन्हाळ्याकडं शेवाळाचा असा थर येतो की गळ टाकला की हिरवा गोळाच वर येतो. लहानपणापासून इथं मामांसोबत बसलोय. मामांची पद्धत म्हणजे बांबूची काठी, जाड नायलॉनचा दोरा, मोठा गळ आणि त्याला जिवंत बेडकी. मरळ लागते त्यानं, नाही असं नाही, पण ती बेडकी गळावर तडफडताना मला कधीच बघवलं नाही, म्हणून मी तीन-चार वर्षांपासून लूअरकडं, म्हणजे नकली आमिषाकडं वळलो. रबरी बेडूक वापरला, चमचा म्हणजे चमच्यासारखा चकाकता पत्रा वापरला, लाकडी मासळी वापरली. चमचा आणि मासळी दोन्ही उघड्या गळाच्या, आमच्या तळ्यात तिसऱ्या फेकीला बाभळीत अडकून तुटल्याच म्हणून समजा. रबरी बेडूक वरून छान चालतो पण तो फक्त पाण्याच्या वरच, आणि मरळ दरवेळी वर येऊन घेत नाही, थंडीत तर नाहीच नाही. वरचा थर सोडून एक-दीड फूट खालून, शेवाळाला न अडकता जाईल असं काहीतरी पाहिजे होतं.

तर हा स्विमिंग वर्म मूळचा बास माशासाठीचा. बास म्हणजे उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, लार्जमाउथ बास, तोही असाच गवतात, बुडालेल्या झाडांत दबा धरून बसतो आणि जवळनं काही गेलं की झडप घालतो. तिकडं या माशाचं वेड केवढं आहे बघा, १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या माणसानं २२ पौंड ४ औंसाचा बास धरला, म्हणजे दहा किलोच्या वर, आणि तो विक्रम इतकी वर्षं कुणाला मोडता आला नाही, २००९ ला जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली तेवढीच. आणि प्लॅस्टिकचं गांडूळ तर १९४९ चं आहे, ओहायोतल्या ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी ते घरी तयार केलं. आपण याला रबर म्हणतो पण ते रबर नाही, पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं तेल असं तापवून साच्यात ओततात. हे मुद्दाम सांगायलोय, कारण पुढं डब्याचा जो घोटाळा झाला तो या तेलामुळंच झाला.

बास आपल्याकडं नाही आणि कुणी आणूही नये. जपानमध्ये १९२५ ला मुद्दाम नेऊन सोडला, आता तिथल्या मूळच्या लहान माशांना तो खाऊन संपवायलाय. आपल्याकडं त्याच जागेवर, त्याच सवयीची मरळ आधीच बसलेली आहे, त्यामुळं बासची वस्तू मरळीला चालेल असं मला मनातनं वाटत होतं. मागच्या जुलैत ऑनलाइन मागवलं. आठ नगांचं पाकीट, मला ४२० रुपयांना पडलं वर कुरियर वेगळं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा आकार बऱ्याच कंपन्या काढतात, तुम्ही आकार बघून घ्या.

आकार असा. लांबी सहा इंच, जाडी आपल्या करंगळीपेक्षा कमी, डोक्याकडं गुळगुळीत आणि मग अंगावर बारीक बारीक कड्या, आणि शेपटी मधेच एकदम पातळ होते, दोऱ्यासारखी, आणि तिच्या टोकाला नखाएवढं चपटं वल्हं. सगळा खेळ त्या वल्ह्याचा आहे. ओढायला लागलं की पाणी त्या वल्ह्याला अडतं, ते एका बाजूला लवतं, मग दुसऱ्या बाजूला, आणि मागचा भाग थरथर थरथर करत राहतो. मी घरी पाण्याच्या टाकीत दोऱ्याला बांधून ओढून बघितलं, अगदी सावकाश ओढलं तरी शेपटी चालायची, आणि दोरा बोटावर धरला की ती थरथर बोटाला कळायची. मरळ गढूळ पाण्यात राहते, तिला दिसण्याआधी ही हालचाल जाणवते, माशाच्या अंगावर बाजूनं जी रेघ असते ना तिनं त्याला पाण्यातली हालचाल कळत असते. पाकीट उघडलं की बडीशेपेसारखा वास येतो आणि वर्म हाताला तेलकट लागतो, मीठही असतं त्यात.

आता लावायचं कसं हे नीट वाचा, कारण ऐंशी टक्के काम इथंच आहे आणि पाकिटावर काही लिहिलेलं नसतं. साधा गळ नको. ऑफसेट गळ घ्या, म्हणजे दोरा बांधायच्या भोकाखाली ज्याला पायरीसारखी घडी असते तो, ४/० नंबर. आधी दोऱ्यात बुलेट वेट ओवायचं, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं, टोक वर, मग गळ बांधायचा. गळाचं टोक वर्मच्या नाकात सरळ घालायचं, अर्धा सेंटिमीटर आत गेलं की बाजूनं बाहेर काढायचं, वर्म सरकवत डोकं त्या घडीवर आणून बसवायचं, गळ फिरवून घ्यायचा. मग वर्म मोकळा लोंबू द्यायचा आणि गळाचा वाक अंगाला नेमका कुठं लागतोय ते बघायचं, तिथंच टोक आरपार घालायचं, आणि बाहेर आलेलं टोक परत वरच्या कातडीत हलकंसं रुतवून ठेवायचं. याला टेक्सास रिग म्हणतात. टोक झाकलेलं असल्यामुळं शेवाळातनं, बेशरमीच्या काड्यांतनं निघून येतं, आणि मासा चावला की मऊ अंग दबून टोक बाहेर येतं.

आणि लावून झालं की वर्म सरळ सुतासारखा दिसला पाहिजे. एक जरी सुरकुती राहिली, मधे जरा बाक आला तर तो पोहत नाही, गरगर फिरतो, आणि दोऱ्याला असा पीळ पडतो की रीलवर गुंतवळच. माझे पहिले दोन दिवस याच्यात गेले. जुन्या पद्धतीत मुद्दाम वाकवून लावतात, गळावरच बाक देतात म्हणजे तो गोल गोल फिरत येतो, पण त्याला दोन फुटांवर स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी कडी बांधावी लागते, म्हणजे पीळ वर चढत नाही. तोही प्रकार मी करून बघितला, मोकळ्या पाण्यात ठीक आहे, आमच्या शेवाळात स्विव्हलच अडकतं. सरळ लावणं बरं.

वजनाचं सांगतो. मी ३.५ ग्रॅम, ५ ग्रॅम आणि ७ ग्रॅम तिन्ही वापरलं. ७ ग्रॅमला फेक लांब जाते पण वर्म खाली बसतो आणि तुम्हाला तो वर ठेवायला जोरात गुंडाळावं लागतं, मरळ एवढ्या मागं पळत नाही. ३.५ ग्रॅम आमच्या तळ्याला एकदम बरोबर, सावकाश गुंडाळलं तरी शेवाळाच्या डोक्यावरनं येतो. वारा असला की ५. शिसं दोऱ्यावर मोकळं राहिलं तर गवतात शिसं एकीकडं आणि वर्म एकीकडं होतो, म्हणून शिशाच्या भोकात टूथपिक घालून मोडायची, झालं पक्कं. रॉड माझा सात फुटी, मीडियम हेवी, ३० पौंडाची ब्रेड म्हणजे विणलेला दोरा, आणि पुढं दीड फूट जाड मोनो म्हणजे एकपदरी नायलॉन, कारण मरळीला दात आहेत आणि बाभळीचं खोडही घासतं.

चालवायचं कसं, तर काही करायचं नाही. खरंच, काहीच नाही. आपल्याला चमचा आणि बेडूक वापरून हात हलवायची सवय असते, झटके द्यायची, थांबवायची, ते सगळं सोडायचं. फेकायचं, दोन-तीन अंक मोजायचे, रॉडचं टोक जरा वर धरायचं आणि एका चालीनं सावकाश गुंडाळत राहायचं. गवताला लागल्यासारखं वाटलं तर झटका नाही, तसंच ओढत राहायचं, सुटून येतं, आणि बऱ्याचदा सुटल्या सुटल्याच दणका बसतो. हे मला ऑगस्टच्या शेवटाला कळलं. त्या आधी मी तीन वेळा रिकामा परत आलो होतो आणि पैसे पाण्यात गेले असं वाटायलं होतं.

त्या दिवशीचं सांगतो. सकाळी सहा-सव्वासहा, रात्रीतनं पाऊस झालेला, पाणी चहासारखं. मामा बांधाच्या कोपऱ्यात बसलेले. वर्म बघून म्हणाले, ‘आरं बापू, हे रबर कोण खाईन?’ मी म्हणलं मामा, बघा तर खरं. बेशरमीच्या झुडपाच्या पलीकडं टाकला, झुडपाच्या कडेनं यायलाच लागला होता आणि ती शेपटीची बारीक थरथर रॉडवर कळायली होती, आणि ती थरथरच बंद झाली. दणका नाही, झटका नाही, निस्ती थरथर बंद. मी तसंच गुंडाळत राहिलो, दोन फेऱ्यांनी रॉड जड झाला, मग मात्र दोन्ही हातांनी मारला. पाणी फुटलं. मरळ सरळ झुडपात शिरायला बघते, तिथं दोरा ढिला सोडला की गेली, त्यामुळं रॉड वाकवून तशीच ओढत काठाला आणली. दीड किलोच्या जवळपास, पाठ काळीभोर, पोटाकडं पांढरे पट्टे. मामा उठून आले, मासा नाही बघितला, आधी तिच्या तोंडातनं तो वर्म काढून बोटानं दाबून दाबून बघितला. मग म्हणाले, ‘शेपटी तोडली की रे हिनं.’

आणि हीच या वर्मची मोठी उणीव आहे. बास मासा तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो, त्याचे दात म्हणजे सँडपेपरसारखे खरबरीत, एका वर्मवर त्याचे कितीतरी मासे निघतात. मरळ चावते, पकडून दाबते. त्यामुळं आपल्याकडं एक वर्म म्हणजे फार तर दोन मरळ, कधी एकच, आणि चिलापी जास्त असल्या तर त्या नुसत्या शेपटीला टोचून टोचून वल्हं तोडतात. वल्हं तुटलं की वर्म मेला. ४२० ला आठ म्हणजे एक नग साडेबावन्न रुपयांचा, हिशोब तुम्हीच करा. रबरी बेडूक अडीचशे-तीनशेचा पण वर्षभर जातो. तरी मी म्हणेन घ्या, कारण बेडकावर माझ्या निम्म्या मरळी सुटतात, वर्मवर क्वचित. वरून घेताना मरळ बेडकाला नुसतीच धडकते, खालून मात्र नीट तोंडात घेते.

डोकं फाटलं असेल तर फेकू नका. सुपरग्लूचा एक थेंब टाकून दाबून धरायचं, चिकटतं. तुटलेलं वल्हं लायटरनं दोन्ही टोकं वितळवून जोडता येतं, मी दोन जोडले, एक चालला, दुसरा वाकडा झाला. धूर नाकात घेऊ नका, घराबाहेर करा.

डब्याचं सांगायचं राहिलं. मी पाकिटातले वर्म काढून घरातल्या कडक प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात नीट मांडून ठेवले, काळे एकीकडं आणि तपकिरी-लाल ठिपक्यांचे एकीकडं, शेजारी दोन लाकडी मासळ्या. पंधरा दिवसांनी उघडला तर डब्याचा तळ चिकट होऊन वर्मला धरून बसला होता, लाकडी मासळीचा रंग सुटून लगदा झाला होता आणि लाल ठिपकेवाले सगळे काळपट पडले होते. ते मऊ ठेवणारं तेल कडक प्लॅस्टिकला आणि रंगाला खातं. तेव्हापासून पाकिटातच ठेवतो, एका रंगाचं एक पाकीट, आणि गाडीच्या डिकीत उन्हात तर अजिबात नाही.

दुसरं पाकीट मी दुसऱ्या ऑनलाइन दुकानातनं घेतलं, १८० ला दहा, फोटो हुबेहूब तोच. आलं तेव्हा सगळे एकमेकांना चिकटलेले, शेपट्या दुमडलेल्या, आणि मागवला होता काळा तर आला चॉकलेटी. परत घ्या म्हणून मेसेज केला तर उघडलेलं पाकीट परत घेत नाही म्हणे. न उघडता रंग आणि शेपटी कशी दिसणार होती मला? वाईट याचं वाटतं की असं पाकीट एखाद्या नवीन पोरानं पहिल्यांदाच घेतलं तर तो म्हणणार हे सगळं फसवंच आहे आणि परत बेडक्या पकडायला जाणार. तरी दुमडलेल्यांवर उपाय आहे, पातेल्यात उकळी आलेलं पाणी खाली उतरवून त्यात अर्धा मिनिट सोडायचे, काढून ताटात सरळ मांडून गार होऊ द्यायचे. पाच सरळ झाले त्यातले. पण प्लॅस्टिकच जरा कडक होतं, सावकाश ओढलं तर वल्हं चालेना, जोरात ओढावं लागायचं. म्हणून घेताना एक बघा, वर्मचं डोकं चिमटीत धरून आडवा धरा, शेपटी लगेच खाली लोंबली पाहिजे. काडीसारखी आडवीच राहिली तर घेऊ नका.

रंगाचं जास्त डोकं लावू नका. गढूळ पाण्याला काळा, कारण खालून बघणाऱ्या माशाला उजेडापुढं काळी आकृती स्वच्छ दिसते. दिवाळीनंतर पाणी निवळलं की हिरवट-तपकिरी. बाकी सतरा रंग दुकानदारासाठी आहेत.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. पावसाळ्यात मरळ पिल्लं घालते, आणि आई-बाप दोघं त्या पिल्लांच्या गोळ्याखाली राखण करत फिरतात. पाण्यावर लालसर-केशरी ठिपक्यांचा थवा उकळी आल्यासारखा हलताना दिसला तर तिथं गळ टाकू नका. त्या वेळी मरळ भुकेनं नाही, पिल्लं वाचवायला कशावरही तुटून पडते, वर्मवर तर हमखास. ती काढली की तास-दोन तासात बाकीचे मासे तो थवा साफ करतात. मी ऑगस्टमध्ये असा थवा बघितला, त्या कोपऱ्यात दसऱ्यापर्यंत गेलो नाही. २०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात, आमचं तळं भेगा पडेपर्यंत आटलं होतं. मरळ हवेतला श्वास घेते, ओल असली तर चिखलातही दम धरून राहते, म्हणून आम्ही म्हणायचो राहील कुठंतरी. ओल पण राहिली नाही. त्यानंतर मरळ परत दिसायला आम्हाला दोन-तीन पावसाळे वाट बघावी लागली. त्यामुळं आता एक थवा म्हणजे काय हे आमच्या गावात पोरांनाही कळतं.

तुटलेले वर्म पाण्यात फेकू नका, ते कुजत नाहीत, फुगून मोठे होतात आणि माशाच्या पोटात गेले की तसेच राहतात. मी खिशात एक रिकामं पाकीट ठेवतो त्यासाठी. आणि तळं ठेक्यानं दिलेलं असेल तर मच्छीमार सोसायटीला आधी विचारा. आमच्याकडं भोई समाजातले एक काका बघतात, त्यांच्या जाळ्यावर पोट आहे त्यांचं, त्यांना सांगून बसलं की तेच जागा दाखवतात.

आतापर्यंत या वर्मवर चौदा फेऱ्यांत अकरा मरळी लागल्या, त्यातल्या सात सोडल्या, चार घरी नेल्या, मरळीला काटा कमी म्हणून आमच्याकडं लहान पोरंही रस्सा-भाकरी खातात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तीन फेऱ्या पूर्ण रिकाम्या गेल्या, ऊन वर आल्यावर अकरा-बाराला जाऊन बघा, मला तेव्हाच एक लागली. मार्चनंतर पाणी उतरलं की बाभळींच्या बुडाशी टाकायचाय.

परवा मामांचा फोन आला होता, भुईमुगाचं विचारलं, पाऊसपाणी झालं, आणि मग म्हणाले ते काळं गांडूळ अजून हाय का एखादं. पाकिटात दोन उरलेत. एक त्यांच्या काठीला त्यांच्याच जाड दोऱ्यावर बांधून देणार आहे, ऑफसेट गळासकट.